कोरम होईना! फिलाडेल्फियातली एक पायी सहल: पाचपैकी चार तारे

आधी माझी ओळख, म्हणजे हे परीक्षण कुणी लिहिलंय ते कळेल. मी खटाव तालुक्यात ३१ वर्षं ग्रामसेवक होतो. ग्रामसभेची नोटीस काढायची, दवंडी द्यायला लावायची, कोतवालाला वाडी-वस्तीवर पिटाळायचं, प्रोसिडिंग बुकात सूचक-अनुमोदकांची नावं घालायची आणि सगळं झाल्यावर सह्यांसाठी दारोदार फिरायचं, यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे इतिहासाचा प्राध्यापक जे बघेल ते मला दिसणार नाही. मला दुसरंच दिसतं, आणि या सहलीत ते भरपूर दिसलं.

मुलगी-जावई फिलाडेल्फियाजवळ एक्स्टनला राहतात. आम्ही दोघं दुसऱ्यांदा तिकडे गेलो होतो. पहिल्या वेळी लिबर्टी बेल, तो लांबुळका सँडविच आणि नायगरा असं सगळं रीतसर उरकलं होतं. या वेळी मे महिन्यातल्या एका शनिवारी मुलीने एका खासगी कंपनीची अडीच तासांची पायी सहल काढली. विषय एकच: अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहून झाली, पण ती मंजूर कशी झाली? मंजुरीवरून कोण कुणाशी भांडलं? तिकीट मोठ्यांना ३५ डॉलर, नातवाला २०. (रुपयांत करून बघू नका. मी केलं, आणि पहिल्या चौकापर्यंत माझं लक्षच नव्हतं.) कंपनीचं नाव लिहीत नाही. जावयाचं म्हणणं, "बाबा, तक्रारी लिहिणार असाल तर नाव नको." आणि तक्रारी लिहिणार हे तर ठरलेलंच.

सकाळी एक्स्टनहून लोकल धरून जेफरसन स्टेशनला उतरलो, तिथून मार्केट स्ट्रीटने चालत गेलो. सहल सुरू होते ती इंडिपेंडन्स हॉलच्या समोरून नव्हे, मागच्या चौकातून. पुढच्या बाजूला शाळांच्या सहली आणि फोटोंची झुंबड. मागे झाडं, बाकं, खारी आणि एका नौदल अधिकाऱ्याचा पुतळा. आम्ही १४ जण होतो. गाईडबाई विशी-पंचविशीतली, इतिहासाची विद्यार्थिनी. तिने प्रत्येकाला एकेक कार्ड दिलं. कार्डावर त्या काळातल्या एका माणसाचं नाव आणि चार ओळी. शेवटी सगळ्यांनी मतदान करायचं, घटना मंजूर की नामंजूर. मला विल्यम फिंडली आला. आयर्लंडमधून आलेला विणकर, पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचा, घटनेच्या विरोधातला. आमच्या सौं.ना मॅसॅच्युसेट्सचा एक शेतकरी, जोनाथन स्मिथ. जावयाला जेम्स विल्सन, म्हणजे घटनेच्या बाजूचा सगळ्यात हुशार वकील. नातवाला मात्र कार्ड नाही; त्याला हजेरी मांडायचं काम दिलं. पठ्ठ्याने ते इतकं मनावर घेतलं की त्याचा फटका शेवटी मलाच बसला. ते पुढे येईल.

मग गाईडबाईंनी त्या पुतळ्याकडे बोट केलं. जॉन बॅरी, अमेरिकी नौदलाच्या सुरुवातीच्या सेनानींपैकी एक. चौथऱ्यावर मोठ्या रुबाबात उभा आहे. "या माणसाने," त्या म्हणाल्या, "घटना मंजूर व्हायला जी मदत केली ती चौथऱ्यावर लिहिलेली नाही."

गोष्ट अशी. १७ सप्टेंबर १७८७ ला याच इंडिपेंडन्स हॉलमध्ये घटनेवर सह्या झाल्या. ५५ प्रतिनिधी या ना त्या वेळी हजर होते, सह्या केल्या ३९ जणांनी. शेवटच्या दिवशी हजर असलेल्या तिघांनी सही नाकारली: मेसन, रँडॉल्फ आणि गेरी. पण सह्या झाल्या म्हणजे घटना लागू झाली असं नव्हतं. तो नुसता मसुदा. तोवर तेरा राज्यं ज्या करारावर चालत होती, त्या करारात काहीही बदलायचं तर तेराच्या तेरा राज्यांची संमती लागायची. नव्या मसुद्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की नऊ राज्यांच्या खास अधिवेशनांनी मंजुरी दिली की त्या नऊंपुरती घटना लागू. म्हणजे खेळाचे नियम बदलायचा ठराव, आणि तो किती मतांनी मंजूर धरायचा हेही त्याच ठरावात! आमच्या बीडीओ साहेबांनी असा ठराव चौकटीबाहेर म्हणून परत पाठवला असता.

पेनसिल्व्हेनियाच्या, म्हणजे फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे तिथल्या, विधानसभेत घटनेच्या बाजूच्या लोकांना घाई झाली होती. सभागृहाची मुदत संपत आलेली, २९ सप्टेंबर शेवटचा दिवस. आदल्या दिवशी सकाळी जॉर्ज क्लायमर यांनी अधिवेशन बोलावण्याचा ठराव ऐनवेळी मांडला. विरोधकांनी ओळखलं की मतांवर आपण हरणार. दुपारी सभा परत भरली तेव्हा त्यांचे १९ जण आलेच नाहीत. सभासद ६९, गणपूर्तीला म्हणजे कोरमला दोन तृतीयांश म्हणजे ४६ हवेत, आणखीही काही जण नव्हते, हजर ४४. दोन कमी! सभागृहाचा शिपाई बोलवायला गेला. त्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं.

इथे मी हसलो ते जरा मोठ्याने. सगळे वळून बघायला लागले. काय सांगू? पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते: हा आमचा ग्रामसभेचा कोरम. गावात विरोधी पॅनेलला ठराव नको असला की सगळे पारावर बसून राहायचे. पंचायतीच्या दारातून मला दिसायचे, मीही त्यांना दिसायचो. आम्ही एकमेकांकडे बघत अर्धा तास काढायचो. फरक एवढाच की आपल्याकडे तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. कोरमअभावी सभा तहकूब लिहायची, नवी तारीख टाकायची आणि दहा टाळक्यांत ठराव करून मोकळं व्हायचं. फिलाडेल्फियाकरांकडे ती सोय नव्हती.

त्यांनी मग काय केलं? २९ तारखेला सकाळी सिक्स्थ स्ट्रीटवरच्या एका खाणावळीत, जिथे पश्चिमेकडचे आमदार उतरायचे, तिथे जमाव घुसला. जेम्स मॅककॅलमंट आणि जेकब मायली या दोघांना धरून रस्त्यातून ओढत आणलं आणि सभागृहात बसवलं. जमावाचा पुढारी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो हाच, चौथऱ्यावरचा बॅरी. ४४ आणि दोन, ४६. कोरम झाला.

आता मॅककॅलमंटचं बघा. हा गडी उठला आणि म्हणाला, मला जबरदस्तीने आणलंय, मला जाऊ द्या. वाद सुरू झाला. नियम वाचला गेला: गैरहजर राहून गणपूर्ती मोडणाऱ्याला पाच शिलिंग दंड. मॅककॅलमंटने खिशात हात घातला, नाणी काढली आणि म्हणाला, हे घ्या पाच शिलिंग, मी निघालो. सभागृह हसलं. अध्यक्षांनी उत्तर दिलं ते मी वहीत लिहून घेतलं. दंड घ्यायला नेमलेला माणूस या क्षणी जागेवर नाही. आणि असता तरी तुम्हाला दंड लागू होत नाही, कारण दंड हा गैरहजर माणसाला, आणि तुम्ही तर हजर आहात, नाव पुकारल्यावर ओ दिलीत!

३१ वर्षांच्या नोकरीत इतकं चोख प्रशासकीय उत्तर मी ऐकलं नाही.

दाराकडे निघालेल्या मॅककॅलमंटला लोकांनी अडवलं, सभागृहाने रजा नाकारली, आणि ६ नोव्हेंबर ही अधिवेशनाच्या प्रतिनिधींच्या निवडणुकीची तारीख ठरली. गाईडबाईंनी आम्हाला सिक्स्थ स्ट्रीटपर्यंत नेलं. त्या खाणावळीचा आज मागमूस नाही, मला तरी कुठे पाटी दिसली नाही. पुतळा ओढणाऱ्याचा आहे, ओढल्या गेलेल्यांचा नाही. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आपल्याकडेपण तसंच की."

या पहिल्या पाऊण तासाला मी पाचपैकी पाच देतो. पुढे थोडी घसरण आहे.

एक म्हणजे ते कानात घालायचं यंत्र. गाईडबाई छोट्या माइकमध्ये बोलतात, आपण कानातल्यातून ऐकायचं. माझ्या यंत्राचा आवाज दर दोन मिनिटांनी जायचा. नेमका विल्सनचं भाषण चालू असताना गेला. मग मुलीने कानाशी मराठीत सांगितलं आणि मला ते जास्त बरं वाटलं. दुसरं म्हणजे चालण्याचा वेग. जुन्या भागात काही गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत. आमच्या वयाच्या माणसांनी जाड तळव्याचे बूटच घालावेत. सौ. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या, त्या सगळ्यांच्या पुढे.

तर विल्सन. ६ ऑक्टोबर १७८७ ला त्याने स्टेट हाऊसच्या (इंडिपेंडन्स हॉलचं तेव्हाचं नाव) अंगणात, म्हणजे आम्ही उभे होतो त्याच चौकात, भर सभेत भाषण केलं. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा होता की या घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनदच नाही. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य कुठे लिहिलंय? धर्माचं? दिवाणी खटल्यात पंचांचा, म्हणजे ज्युरीचा हक्क? विल्सनचं उत्तर वकिली होतं: केंद्राला जे अधिकार दिलेले नाहीत ते त्याच्याकडे नाहीतच. मग जे घेतलंच नाही ते परत देतो असं कशाला लिहायचं? जावई विल्सनचं कार्ड हातात धरून म्हणाला, "बरोबर आहे की." मी फिंडली होतो. मी म्हटलं, "सातबाऱ्यावर नाव लागलेलं नसताना 'जमीन तुमचीच आहे हो' म्हणणारा तलाठी मी पाहिलाय." मुलीने याचं इंग्रजी करून सांगितलं. गाईडबाईंना सातबारा समजावण्यात पाच मिनिटं गेली, पण समजला.

राज्याचं अधिवेशन नोव्हेंबरच्या २० तारखेनंतर याच इमारतीत भरलं. तिथली एक गोष्ट या सहलीचा कळस म्हणावी अशी. माझा फिंडली बोलता बोलता म्हणाला की स्वीडनमध्येही एके काळी पंचांसमोर खटला चालायचा. तो हक्क गेला आणि मागोमाग लोकांचं स्वातंत्र्य गेलं. विल्सन आणि न्यायाधीश मॅककीन दोघे तुटून पडले. स्वीडनमध्ये ज्युरी? कधी ऐकलं नाही, पुरावा दाखवा. विणकर माणूस, गप्प बसला. काही दिवसांनी ग्रंथ काखेत मारून आला. त्यातला एक होता ब्लॅकस्टोनचा कायद्याचा ग्रंथ, ज्याच्यावर तेव्हाचा वकीलवर्ग पोसला जायचा. पान उघडून वाचून दाखवलं. विल्सनची वाचा बसली असेल असं वाटतं ना? नाही. तो म्हणाला, ज्यांच्या ज्ञानाचा साठा मोजका असतो त्यांना सगळं लक्षात राहतं. माझ्यासारख्याच्या डोक्यात एवढं असतं की काही विसरायला होतं. वर एका जुन्या इंग्रज वकिलाचा दाखलाही दिला, तो एकाला म्हणाला होता, तू शिकलास त्यापेक्षा जास्त कायदा मी विसरलोय.

आमच्या गावात एक गवंडी होते. शाळा चौथी. रस्त्याच्या रुंदीवरून सरपंचांनी त्यांना भर सभेत झापलं. पुढच्या सभेला गवंडी शासन निर्णयाची झेरॉक्स घेऊन आले, खाली पेनाने रेघा मारलेली. सरपंच म्हणाले, "असले जीआर ढिगाने येतात." मी हे प्रोसिडिंगमध्ये लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, हे मला फिलाडेल्फियात ऐंशी पावलं चालताना जाणवत राहिलं.

प्रोसिडिंगवरून आठवलं. गाईडबाईंनी थोडक्यात उरकलेली, पण माझ्या लेखी सगळ्यात गंभीर बाब ही. १२ डिसेंबरला मतदान होण्याआधी रॉबर्ट व्हाइटहिल नावाच्या सभासदाने १५ दुरुस्त्या मांडल्या. धर्माचं स्वातंत्र्य, बोलण्याचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य, ज्युरी, असं बरंच काही. बहुमताने त्या फेटाळल्या, ते ठीक. पण त्या इतिवृत्तात नोंदवूही दिल्या नाहीत! ठराव नामंजूर करा, हजार वेळा करा. पण मांडला गेला हे लिहायचं नाही? आणि थॉमस लॉइड नावाचा लघुलेखक तिथे बसून भाषणं टिपत होता. त्याने पुस्तक छापलं तेव्हा त्यात भाषणं आली ती फक्त मंजुरीच्या बाजूची, विल्सन आणि मॅककीनची. मी गाईडबाईंना विचारलं, "त्या कारकुनावर कारवाई झाली का?" त्यांना प्रश्नच कळला नाही. खरं तर मलाच उत्तर ठाऊक होतं.

मतदान झालं ४६ विरुद्ध २३. हरलेल्यांपैकी २१ जणांनी आपलं म्हणणं १८ डिसेंबरला वर्तमानपत्रात छापून आणलं, इतिवृत्तात न घेतलेल्या दुरुस्त्यांसकट. आणि डिसेंबरअखेर कार्लाइल गावात मंजुरीचा आनंद साजरा करणाऱ्यांना लोकांनी पिटाळलं, विल्सन आणि मॅककीनचे पुतळे जाळले. म्हणजे मंजुरी झाली आणि भांडण तिथून पुढे चालू. गावकी जगभर सारखीच.

इतर राज्यांची हकिकत त्यांनी चालता चालता सांगितली. डेलावेअर सगळ्यात आधी, ७ डिसेंबर, ३० विरुद्ध शून्य. न्यू जर्सी आणि जॉर्जियातही एकमत. पण मोठ्या राज्यांत घासाघीस. मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. न्यूयॉर्कसाठी हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी टोपणनावाने ८५ लेख लिहिले. विरोधकही टोपणनावानेच लिहायचे, आणि फिलाडेल्फियातला 'सेंटिनेल' तर भलताच जहाल. ऱ्होड आयलंडने अधिवेशन न बोलावता सरळ गावोगाव मतं घेतली: बाजूने २३७, विरोधात २७०० हून जास्त. (बाजूच्या बऱ्याच जणांनी बहिष्कार टाकला होता, हेही खरं.) ते राज्य आत आलं १७९० च्या मे महिन्यात, ३४ विरुद्ध ३२ ने. तोवर वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं!

यात सौं.च्या कार्डाची गोष्ट आली. मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनात एका म्हाताऱ्या शेतकरी सभासदाने, सिंगलटरीने, म्हटलं होतं की हे वकील, हे शिकलेले आणि पैसेवाले लोक गोड बोलून आपल्यासारख्या लहान माणसांना गिळून टाकतील. त्याला उत्तर द्यायला जोनाथन स्मिथ उठला. म्हणाला, मीही नांगरावरचाच माणूस. समजा आपण दोघा-तिघांनी मिळून खडकाळ रान मोडलं, गहू पेरला. आता कुंपण कसलं घालायचं यावर एकमत होईना, म्हणून रान तसंच पडू द्यायचं का?

मुलीने हे सांगितलं तेव्हा सौ. थांबल्या. त्यांच्या माहेरी बांधावरून दोन भावांत केस सुरू झाली आणि मधली अडीच एकर आजही पडीक आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "शहाणा होता." आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं. ते परत द्यायचं असतं, हे नंतर कळलं.

मॅसॅच्युसेट्समध्येच तोडगा निघाला. राज्यपाल हॅनकॉक सुरुवातीला संधिवाताचं दुखणं काढून घरात बसले होते. शेवटी त्यांनीच सुचवलं की आत्ता मंजूर करा आणि सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. नंतरच्या राज्यांनी तोच मार्ग धरला. मॅडिसनला आधी हक्कांची सनद गरजेची वाटत नव्हती, पण पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, दुरुस्त्या मांडल्या त्यानेच. १५ डिसेंबर १७९१ ला दहा दुरुस्त्या लागू झाल्या. आज अमेरिकेत कुणीही टीव्हीवर "माझा घटनात्मक हक्क" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो या दहांतलाच एखादा असतो. म्हणजे हरलेल्यांचा माल. इतिवृत्तात न घेतलेला. माझ्या फिंडलीला आणि त्या व्हाइटहिलला याचं श्रेय कुणी देत नाही, म्हणून मी इथे देतो.

क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक पेनी टाकतात, तिथे फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा सेकंड स्ट्रीटवरच्या मूळ चर्चकडे चला. तिथे विल्सन पुरलेला आहे. हा इतका बुद्धिमान माणूस, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला, आणि जमिनीच्या सट्ट्यात असा बुडाला की कर्जापायी तुरुंगात गेला. न्यायमूर्तिपदावर असतानाच १७९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात, देणेकऱ्यांपासून लांब, मेला. १९०६ मध्ये त्याचे अवशेष इथे आणले. जावयाने ते ऐकून कार्ड बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बदलून घेता का?"

आता मोठी तक्रार. गुलामांचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत, तोही रस्ता ओलांडताना. प्रतिनिधी मोजताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरायचा, गुलामांची आयात १८०८ पर्यंत काँग्रेसने थांबवायची नाही, हे सगळं त्या कागदात होतं. मंजुरीच्या वादात उत्तरेत काहींनी त्यावर बोट ठेवलं, दक्षिणेत काहींनी उलट हे संरक्षण पुरेसं नाही म्हटलं. ज्यांना मोजलं त्यांना कुणी विचारलं नाही, बायकांनाही नाही. अडीच तासांत अर्धा तास यावर हवा होता. सिग्नल हिरवा झाला आणि विषय संपला, हे बरं दिसलं नाही.

मला व्हर्जिनियाच्या पॅट्रिक हेन्रीचा प्रश्नही अजून ऐकायला आवडला असता. तो अधिवेशनात म्हणाला, "आम्ही लोक" असं लिहायचा अधिकार यांना दिला कुणी? "आम्ही राज्ये" का नाही? मी दर २६ जानेवारीला पंचायतीसमोर उद्देशिका वाचली. "आम्ही, भारताचे लोक". आपली घटना २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेनेच स्वीकारली, ती मंजुरीसाठी प्रांतोप्रांती किंवा गावोगावी गेली नाही. गेली असती तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आमच्या गावात मंजूर झाली असती की कोरमअभावी तहकूब, याची मी परतीच्या लोकलमध्ये जावयाशी पैज लावली. निकाल लागणं शक्य नाही, म्हणून पैज.

कॉन्स्टिट्यूशन सेंटर, म्हणजे घटनेचं संग्रहालय, या सहलीच्या तिकिटात नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी वेगळं तिकीट काढून गेलो. तिथल्या एका दालनात ४२ पूर्णाकृती ब्राँझची माणसं उभी आहेत: सही केलेले ३९ आणि न केलेले तीनही. हे मला फार आवडलं. तुम्ही त्यांच्यात फिरू शकता, खांद्यावर हात ठेवून फोटो काढू शकता. मी मेसनबरोबर काढला. इंडिपेंडन्स हॉलच्या आत जायचं तर वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्यावं लागतं, आरक्षणाचा एक डॉलर पडतो. ही सहल आत नेत नाही, हे जाहिरातीत बारीक अक्षरात आहे.

शेवटचा थांबा इंडिपेंडन्स मॉलच्या (दुकानांचा मॉल नव्हे, मोकळं मैदान) हिरवळीवर. ४ जुलै १७८८ ला, दहा राज्यांची मंजुरी झाल्यावर, या शहराने काढलेल्या मिरवणुकीची गोष्ट तिथे सांगतात. सुमारे पाच हजार माणसं, सुतार, लोहार, बेकरीवाले, छापखानेवाले आपापली अवजारं घेऊन. घोड्यांनी ओढलेलं एक आख्खं जहाज. आणि एका गाड्यावर तेरा खांबांचं देऊळवजा घर, त्यातले दहा खांब पुरे, तीन अर्धवट. पाद्र्यांच्या हातात हात घालून ज्यूंचा रबाय चालत होता. शेवटी बिअर आणि सायडर फुकट.

इथवर येईपर्यंत दोन तास दहा मिनिटं झाली होती आणि वाटेत एकदाही स्वच्छतागृहाचा थांबा नाही. साठीच्या माणसांना हे चालत नाही, कंपनीने लिहून घ्यावं. सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर व्हिजिटर सेंटरमध्ये सोय आहे, एवढं मी हेरून ठेवलं होतं. मिरवणूक जहाजापर्यंत आली आणि मी सौं.ना खूण केली. आम्ही सटकलो.

बाहेर येतो तर नातू धापा टाकत उभा. "आजोबा, चला! कोरम होत नाहीये!" झालं होतं असं की एक जोडपं गाडी पकडायला आधीच गेलेलं, एक जण कॉफीला म्हणून गेला तो आलाच नाही, आणि आम्ही दोघं इकडे. चौदातले उरले नऊ. दोन तृतीयांश म्हणजे दहा हवेत. गाईडबाईंनी सांगून टाकलं होतं की गणपूर्तीशिवाय मतदान नाही, आणि हजेरीवाल्या पोराने ते शब्दशः घेतलं. त्याने माझा हात धरला आणि भर रस्त्यातून मला ओढत नेलं. मागून सौ. "अरे हळू, अरे हळू" करत.

हिरवळीवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातून पाच डॉलरची नोट काढली आणि गाईडबाईंपुढे धरली.

मतदान सहा विरुद्ध पाच. घटना मंजूर. सौं.नी बाजूने हात वर केला, दुरुस्त्यांच्या अटीवर, आणि तसं नोंदवून घ्यायला लावलं. मी विरोधात. फिंडलीचं कार्ड होतं म्हणून नव्हे, इतिवृत्तासाठी.

नोट गाईडबाईंनी घेतली नाही. म्हणाल्या, "सर, तुम्ही हजर आहात, नाव पुकारल्यावर ओ दिलीत. तुम्हाला दंड लागत नाही."